धुण्याची पाळी

नॉरशोपिंगच्या आमच्या इमारतीत धुणं तळघरात चालतं.
भिंतीवर फळा, फळ्यात आठवड्याचे खण,
दर घराचं एक बोटभर कुलूप, कुलपावर नंबर.
नाव नाही, गाव नाही, जात तर नाहीच नाही.
पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हटलं, वा,
असं हवं. माणूस म्हणजे बावीस नंबर,
गुरुवार, संध्याकाळी सहा ते नऊ.

मग चिठ्ठी लागली.
ड्रायरच्या दारावर, चारी कोपरे चिकटपट्टीनं दाबलेले,
अक्षर कित्त्यातलं :
"इथे वी फिल्टर साफ करतो. नेहमी."

लेतेब्रहान ती सोडवून माझ्या दाराशी आली.
तिच्यामाझ्यात भाषा एकच, तीही उसनी.
तिनं एका शब्दावर बोट ठेवलं. वी.
"यात मी आहे का?"

आता तिला कसं सांगू,
की माझ्या भाषेत इथे दोन दारं आहेत.
आम्ही म्हटलं की ऐकणारा उंबऱ्याबाहेर,
आपण म्हटलं की आत, पाट मांडलेला.
स्वीडिशला एकच दार,
उघडं की लोटलेलं ते बोलणाऱ्याच्या तोंडावरून ओळखायचं,
आणि चिठ्ठीला तोंड नसतं.

"आहेस," मी म्हटलं. जरा घाईनंच.
तिनं मान हलवली.
एरिट्रियात ती कशासाठी कशी हलवतात, मला अजून कळत नाही.
माझी तर इथे कुणालाच कळत नाही.

चिठ्ठी माय-लिसची, हे सगळ्यांना ठाऊक.
पहिला मजला, वय शहाऐंशी,
बाटल्या रंगाप्रमाणे वेगळ्या करणारी,
रविवारी कुणी गालिचा झटकला की खिडकीत येणारी.
मनात मी तिला "अस्सल" म्हणायचे.

अस्सल!
फेब्रुवारीत तळघरात तिनं हाक मारली, चादर धर म्हणाली.
टोकं धरली, ताणली, जवळ आलो,
बोटांना बोटं लागली, मागे सरलो,
आणि त्या येरझारीत ती बोलून गेली :
चव्वेचाळीस साली, युद्धात, फिनलंडहून तिला पाठवलं,
पाच वर्षांची, गळ्यात दोरीनं पुठ्ठ्याचं लेबल,
नंबर, आणि नाव माइया-लीसा.
शाळेत बाईंनी ते हजेरीत मावेल एवढं बेतलं.
आईची भाषा गेली. कधी गेली कळलं नाही.
एक शब्द उरलाय, लाकाना. चादर.
"पण यांच्यातही चादरीला लाकान म्हणतात," ती म्हणाली.
"तेव्हा शेवटचा आ तेवढा नक्की माझा."

यांच्यात. ऐंशी वर्षांनंतर.

घडी तिनं माझ्या हातून घेतली,
कडा जुळल्या नव्हत्या म्हणून मोडली.

लेतेब्रहाननं चिठ्ठी फाडली नाही, होती तिथे लावली.
खाली निळ्या पेनानं : "साफ केला. वी."
पुढच्या सोमवारी तिच्या ओळीत कुणीतरी
पेन्सिलीनं एक राहिलेलं अक्षर भरलं होतं.
अक्षर कित्त्यातलं.
हा टोमणा की माया, मी विचारायला गेले नाही.

एक सांगायचं राहिलंय.
त्या गुरुवारी ड्रायर शेवटचा मी वापरला.
फिल्टरमधला तो राखाडी नमदा
माझ्या मुलाच्या लोकरी मोज्यांचा.
लेतेब्रहानची पाळी शुक्रवारी सकाळी, एवढाच तिचा दोष.
ती तर ड्रायर लावतही नाही,
पांढरी नेत्सेला दोरीवर वाळवते, काठ आतल्या बाजूला.
आठवडाभर जिन्यात लोकांनी तिची धुणी धुतली
आणि मी त्यांच्यातून हेय, हेय म्हणत वर गेले.
मला कुणी विचारलं नाही.
मी इंजिनिअर. माझं स्वीडिश बरं आहे.

चिठ्ठी अजून आहे, एक कोपरा सुटलाय.
दोन ओळींखाली बोटभर जागा.
गुरुवारी मी खाली जाते तेव्हा
खिशात पेन असतं.